सापाची भीती रक्तातली की आजीने शिकवलेली?

सडेकर: मे महिन्यात देवगडला आंबे उतरवत होतो. गडग्यापाशी पडलेला सुंभाचा तुकडा बघून असा उडालो की बाजूची आढी लवंडली. सुंभ आहे हे कळलं ते उडून झाल्यावर! वाढलो पुण्यात, जिवंत फुरसं, म्हणजे कोकणातला छोटा विषारी साप, आयुष्यात दोनदाच पाहिलंय. उलट महामार्गावर ट्रक अंगाला घासून गेला तरी माझं फोनवर बोलणं चालू. माझं मत, ही भीती मला कुणी शिकवलेली नाही. पूर्वज माकडं होती तेव्हापासून साप चावतायत. दचकले ते वाचले. ट्रक येऊन जेमतेम सव्वाशे वर्षं, तेवढ्यात मेंदू काय बदलणार?

रापणकर: अहो, हे म्हणजे आधी निकाल, मग पुरावा. गूल्ड आणि लेवॉन्टिन या उत्क्रांतीच्या अभ्यासकांनी 1979 मध्ये याच खोडीवर टीका केली होती: गुण दिसला की त्याला शोभेलसा फायदा शोधून गोष्ट रचायची. आमच्या वाडीत रात्री ‘साप’ म्हणत नाहीत, ‘जनावर’ म्हणतात. नाव घ्यायचीही चोरी, मग पोर दचकणार नाही तर काय? माझा पुतण्या दीड वर्षाचा असताना धामणीमागे हसत धावला होता.

काजूबी: 1980च्या दशकात मानसशास्त्रज्ञ सुझन मिनेका यांनी केलेले प्रयोग बघा. प्रयोगशाळेत वाढलेली माकडं सापाला घाबरत नव्हती. रानातली माकडं घाबरताना दाखवली, तर लगेच शिकली.

रापणकर: शिकली ना? संपलं!

काजूबी: थांबा हो. चित्रफितीत फेरफार करून तीच घाबरलेली माकडं फुलासमोर दाखवली, तेव्हा फुलाची भीती काही बसली नाही. भीती शिकावी लागते, पण काय चटकन शिकायचं याचा कल आधीचाच. पुतण्या आता धावतो का धामणीमागे?

रापणकर: नाही. आईने एकदाच किंकाळी फोडली, पुरली. पण तिने विजेच्या बटणावरूनही हजारदा फोडल्यात, तिथे अजून बोट जातंच... बरं, हे तुमच्या बाजूने गेलं. तरी सडेकर, फुरसं चिऱ्याच्या रंगाचं, पातेऱ्यात दिसतच नाही. खवले घासून खसखसतं, त्यावरून कळलं तर कळतं. सुंभाला उडणारे तुमचे डोळे तिथे काय कामाचे?

सडेकर: खरं आहे. दोन्ही वेळा मला काकांनी मागे ओढलं होतं. मी त्याच्याकडेच बघत उभा होतो म्हणे.