जोड सोन्याचाच असतो असे नाही
फुटलेले चहापात्र जपानी लोक सोन्याने सांधून तो जोड मिरवतात, हे विधान खरे असले तरी अपुरे आहे. तोक्योच्या सेइकादो संग्रहालयातील ‘त्सुकुमो नासू’ ही चहाची पूड ठेवण्याची चिमुकली, मूळची चिनी बरणी (नासू म्हणजे चक्क वांगे!) काचेआडून अगदी अखंड आणि तुकतुकीत दिसते. प्रत्यक्षात १६१५ मध्ये ओसाकाचा किल्ला जळाला तेव्हा ती फुटली होती. जपानचा तेव्हाचा सत्ताधीश तोकुगावा इएयासू याच्या आज्ञेवरून फुजिशिगे या लाखकाम करणाऱ्या पितापुत्रांनी अवशेषांतून तिचे तुकडे वेचले आणि उरुशी झाडाच्या चिकाने ते असे सांधले, की झिलईसुद्धा हुबेहूब वठली. पृष्ठभागाखालचे तुकडे क्ष-किरण तपासणीत स्पष्ट दिसले. मला तरी हे लपवलेले कसब सोनेरी रेघेपेक्षा सरस वाटले.