अनुभव धागा: आश्विनातील दोन दिवस, गावाकडचे

नोकरीनिमित्त पुण्या-मुंबईत स्थिरावलेल्या सोलापूर जिल्ह्यातील मंडळींनी दसरा-दिवाळीच्या सुमारास केलेल्या धावत्या गावभेटीचे अनुभव येथे लिहावेत, ही विनंती. सुरुवात मी करते.

मंगळवेढा
आमचे काळे रान पावसाळाभर रिकामे ठेवतात, कारण ती खोल माती परतीच्या पावसाचे पाणी धरून ठेवते आणि त्या ओलीवरच मालदांडी ज्वारी उभी राहते. माझी रजा आणि रानाचा वाफसा, म्हणजे पेरणीजोगी ओल, एकाच वेळी येणे हा योगच. यंदा तो जुळला. शनिवारी सकाळी आईने माझ्या ओटीत बियाणे बांधले आणि मला तिफणीमागे, म्हणजे तीन फणांच्या पेरणीच्या अवजारामागे, उभे केले. चाड्यावरची, म्हणजे बी सोडायच्या वाटीवरची, मूठ सैल पडली की बी दाट पडते, आवळली की तास, म्हणजे पेरणीची ओळ, रिकामे जाते. हे मी विसरले असेन असे वाटले होते, पण दुसऱ्या तासाला हाताने लय धरली. रविवारी निघावे लागले, त्यामुळे उगवण कशी झाली हे मला फोनवरच कळले आणि त्याची रुखरुख अजून आहे.

करमाळा
आमचे मूळ गाव उजनीच्या पाण्याखाली आहे. धरण १९८० साली पूर्ण झाले. आश्विनात ते भरलेले असते, म्हणून मी जातो तेव्हा जुन्या गावाची एकही खूण दिसत नाही. तरीही वडील मला काठावर नेतात आणि पाण्याकडे बोट करून वेस, मारुतीचे देऊळ, आमचे घर कोठे होते ते क्रमाने सांगतात. या वेळी ते विहिरीपाशी अडखळले. ती देवळाच्या अलीकडे होती की पलीकडे, हे त्यांना आठवेना. मी सगळे वहीत उतरवून घेतले. हे काम दहा वर्षांपूर्वीच करायला हवे होते.

बार्शी
मला एकच रात्र मिळते. निघताना आई कडक भाकरी आणि शेंगांची चटणी बांधून देते, ती आठवडाभर पुरते. ती रात्र मी कधी चुकवत नाही.

तुळजापूर रस्ता
कोजागिरीला सोलापुराहून तुळजापूरला पायी जाणारे भाविक सुमारे ४५ किलोमीटरच्या त्या वाटेने आमच्या वस्तीसमोरून रात्रभर चालत असतात. आजी त्यांच्यासाठी दारात पाणी आणि गूळ घेऊन बसत असे; ती गेल्यापासून त्या रात्रीपुरता मी येतो. यंदा पहाटे एक वृद्ध बाई थांबल्या, पाणी प्यायल्या आणि म्हणाल्या, ‘‘हितं एक म्हातारी बसायची की.’’ मी म्हणालो, ‘‘माझी आजी.’’ त्या काही न बोलता ओसरीवर टेकल्या आणि थोड्या वेळाने उठून चालणाऱ्यांत मिसळल्या.