यूएससी फुटली ती कुळांमुळे की २९ जानेवारीच्या घाईमुळे?

जुने नकाशे
सोमालियातल्या युनायटेड सोमाली काँग्रेस (यूएससी) या बंडखोर संघटनेची फूट म्हणजे हाविये या मोठ्या कुळातल्या अबगाल आणि हबर गिदिर या दोन कुळांचं भांडण, असं म्हणून लोक विषय संपवतात. मला पटत नाही. १९८९ मध्ये रोमला संघटना निघाली तेव्हा अबगाल आणि हबर गिदिर दोघंही तिच्यात होते. घोळ झाला तो नंतर. हुकूमशहा सियाद बारे राजधानी मोगादिशूतून पळाला २६ जानेवारी १९९१ च्या रात्री, आणि २९ तारखेला यूएससीच्या राजधानीतल्या गटाने अबगाल असलेल्या अली महदीला देशाचा हंगामी अध्यक्ष करून टाकलं. ना यूएससीच्या फौजेचा नेता, हबर गिदिर असलेल्या ऐदीदला विचारलं, ना उत्तरेच्या सोमाली नॅशनल मूव्हमेंट (एसएनएम) या बंडखोर संघटनेला. अहो, १९९० मध्ये ऐदीदने एसएनएमशी हातमिळवणी केली होती, तिचं काय?

हिशेबी
घाई हे निमित्त हो. रोमचं कार्यालय, मोगादिशूतले जाहीरनामेवाले (मे १९९० मध्ये बारेविरुद्ध ११४ सह्यांचा जाहीरनामा काढणारे) आणि इथिओपियाच्या हद्दीत फौज उभारणारा ऐदीद, जो त्याआधी दिल्लीत राजदूत होता. पाटी एक, दुकानं तीन! शिवाय मोगादिशूचा परिसर अबगालांचा. ऐदीदचे बरेच लढवय्ये मध्य सोमालियातल्या मुदुगकडून आलेले. राजधानी कुणाची, हा प्रश्न उठणारच होता.

जुने नकाशे
मग जुलै १९९१ मध्ये यूएससीच्या अधिवेशनाने ऐदीदला पक्षाध्यक्ष कसं निवडलं? त्याच महिन्यात शेजारच्या जिबूतीत भरलेल्या सोमाली गटांच्या परिषदेने महदीचं राष्ट्राध्यक्षपद पक्कं केलं. राष्ट्राध्यक्ष पक्षाला बांधील की नाही, हे कुठेच ठरलेलं नव्हतं. भांडण खुर्चीचं होतं.

तोफखाना
दोघंही शस्त्रं विसरताय. सरकारी कोठारं फुटली, हत्यारं जमा करणारं कुणी नव्हतं. पिकअपच्या हौद्यात विमानवेधी तोफा बसवलेली पोरं पगारावर नव्हती, लूट हाच पगार. अशा टोळ्यांना युद्धबंदी परवडत नाही. नोव्हेंबर १९९१ ते मार्च १९९२ दाट वस्तीवर तोफगोळे पडत राहिले. आफ्रिका वॉच या मानवाधिकार संस्थेच्या अंदाजाने सुमारे १४,००० माणसं मेली आणि शहराचे दोन तुकडे झाले: उत्तर महदीकडे, दक्षिण ऐदीदकडे.
आणि हिशेबी, कुळच सगळं असेल तर उस्मान अतो का फुटला? ऐदीदला पैसा पुरवणारा तो, ऐदीदच्याच, म्हणजे हबर गिदिरातल्या साद उपकुळातला. १९९५ पर्यंत तो उलटला, आणि १९९६ च्या लढाईत त्याची माणसं ऐदीदच्या समोर होती. त्याच लढाईतल्या जखमांनी १ ऑगस्टला ऐदीद गेला.

हिशेबी
अतो उलटला खरा, पण सोबत कोण गेलं ते बघा: बहुतेक सादच. कुळ हरलं नाही, एक पायरी खाली जाऊन फुटलं. तुमचं लुटीचं म्हणणं मात्र मान्य. जुने नकाशेंच्या खुर्चीपेक्षा ते जास्त पटतं.