ऊन आहे, ऊब नाही. 'उन्हाळा' म्हणायचं का?

उत्तरकाठ
नमस्कार. गेली सहा वर्षं मी आकुरेरीत राहते. आइसलँडच्या उत्तरेला, एयाफ्योर्दुर नावाच्या लांब खाडीच्या आतल्या टोकाला हे गाव आहे. शेजारच्या आजींनी लहानपणीच्या शेतावरच्या आठवणी वहीत लिहून ठेवल्यात आणि मी त्या एका दिवाळी अंकासाठी मराठीत आणतेय. पहिल्याच पानावर अडले. वाक्य असं केलं होतं: "उन्हाळ्याच्या पहिल्या दिवशी सकाळी दारातल्या बशीतलं पाणी गोठलेलं दिसलं आणि आईला फार बरं वाटलं." संपादकांचा शेरा आला, "उन्हाळा की हिवाळा? तपासावे."

तपासायचं काही नाही, वाक्य बरोबर आहे. इथे १९ ते २५ एप्रिलच्या मधला गुरुवार हा उन्हाळ्याचा पहिला दिवस. सरकारी सुट्टी असते, मुलांच्या मिरवणुका निघतात, कित्येकदा बर्फातूनच. आदल्या रात्री बशीत पाणी ठेवायचं. गोठलं तर हिवाळा आणि उन्हाळा "एकत्र गोठले", म्हणजे येणारा उन्हाळा चांगला जाणार, ही जुनी समजूत. मूळ शब्द 'सुमार'. त्याला उन्हाळा म्हटलं की मराठी वाचकाच्या डोळ्यांसमोर रस सुटलेला आंबा आणि माठ येतो. मग काय म्हणू?

आज जून उजाडलाय. बाहेर ४ अंश आहेत आणि ऊन लख्ख आहे.

मोडीपान
संपादकांचं चुकलं असं मला वाटत नाही. उन्हाळा म्हणजे उष्णकाल. उष्णचं प्राकृतात 'उण्ह' झालं, त्याचं ऊन. हिमकालाचा हिवाळा, तसा हा. ज्यात उष्ण काही नाही त्याला उन्हाळा म्हणणं म्हणजे शब्दाच्या पोटातला अर्थ काढून टाकणं. 'ग्रीष्म' वापरा. तत्सम शब्दाला रोजच्या वापरातला घाम चिकटलेला नसतो.

मांडवी
मोडीपान, गोव्यात येऊन हे सांगा. आम्ही कोकणीत 'गीम'च म्हणतो, ग्रीष्माचाच तो. गीम म्हटलं की चादर घामाने भिजलेली आणि अंगणात सोलां वाळत घातलेली. शब्द संस्कृतातून घेतला म्हणून थंड होत नाही.

शिवारातून
माण तालुक्यातून लिहितोय. ताई, उन्हाळाच ठेवा. ऊन म्हणजे उष्णता हे पुस्तकातलं झालं. आमच्याकडे पौषात म्हातारी माणसं भिंतीला पाठ लावून ऊन खात बसतात, ते काय उष्ण असतं का? कोवळं ऊन असतं. उन्हात जर आधीच ताप असता तर "ऊन तापलं" असं का म्हणलो असतो आपण? ऊन आधी पडतं, मग तापतं. तुमच्याकडं ते पडतं आणि तापत नाही, एवढाच फरक.

खडूफळा
शिवारातून, तुमचा मुद्दा आवडला, पण आजारी माणसाला "ऊन ऊन वरणभात" वाढतात, तो काही उजेडातला भात नसतो. माझी आजी (यवतमाळकडची) न्हाणीघरातून ओरडायची, "पाणी ऊन झालं का गं?" म्हणजे ऊन हे विशेषण म्हणून निव्वळ गरम याच अर्थानं घरोघर होतं. पस्तीस वर्षं मराठी शिकवलं आणि दर वर्षी एक तरी मूल विचारायचं, "बाई, ऊन पाणी म्हणजे उन्हात ठेवलेलं पाणी का?"

शिवारातून
बाई, ते शहरातलं मूल असणार. पण मी म्हणतो ते एवढंच की नाम झाल्यावर अर्थ सरकला. "उन्हं उतरली" म्हणजे उजेड उतरला. पायाला अजून जमीन भाजतच असते.

उत्तरकाठ
हाच तर माझा पेच आहे. इथे उजेड उतरतच नाही. आकुरेरी ध्रुववृत्ताच्या थोडं खाली आहे, त्यामुळे जूनच्या मध्यावर सूर्य रात्री एकच्या सुमाराला डोंगराआड जातो आणि अर्ध्या-पाऊण तासात वर येतो. अंधार असा होतच नाही. मुलाच्या खोलीला काळे पडदे लावलेत आणि त्याच्या कडेने जी एक रेघ आत येते ती रात्रभर भिंतीवरून सरकत राहते. तिला तिरीप म्हणावं तर तिरिपेत जी ऊब असते ती नाही. हात धरून पाहिला, काही लागत नाही हाताला.

आणखी एक. सुमार म्हणजे आपल्यासारखा तिघांतला एक ऋतू नव्हे. जुन्या आइसलँडी पंचांगात वर्षाचे दोनच भाग, उन्हाळा आणि हिवाळा. प्रत्येक अर्ध्या वर्षाला 'मिस्सेरी' म्हणतात. म्हणून एप्रिलमध्ये बर्फात तो सुरू होऊ शकतो. तो हवेवर ठरत नाही, दिवस मोजून ठरतो.

मोडीपान
हे आधी सांगायला हवं होतं! मग तर हे आपलं अयन झालं. उत्तरायण, दक्षिणायन. अर्धं अर्धं वर्ष.

आणि ऐका, याहून मोठी गोष्ट आहे. संस्कृतात 'समा' म्हणजे वर्ष, किंवा ऋतू, किंवा अर्धं वर्ष. ईशावास्यात आहे: "जिजीविषेच्छतं समाः", शंभर वर्षं जगायची इच्छा धरावी. हा समा आणि तुमचा सुमार एकाच मुळाचे आहेत, इंग्रजीतला समरही त्यातलाच. अवेस्तात, म्हणजे पारशांच्या जुन्या धर्मग्रंथाच्या भाषेत, तर त्याचा अर्थच उन्हाळा होतो. म्हणजे मुळात त्या शब्दात उष्ण नव्हतंच कदाचित, काळ होता. मी माझं आधीचं म्हणणं मागे घेतो. उन्हाळा नको, ग्रीष्मही नको. 'समा' घ्या.

दर्यावर्दी
आणि आपलं 'सुमार', 'सुमारे'? तेही यातलंच असणार. सुमारे म्हणजे काळाचा अंदाजच की. मला तर लगेच जुळलं.

मोडीपान
नाही हो. तो फारसी शुमार, मोजणी. 'बेशुमार' त्यातूनच. कानाला सारखं लागलं म्हणून नातं जोडू नये.

दर्यावर्दी
फारसी आणि अवेस्ता शेजारी-शेजारीच आहेत. तुम्हाला चालतं ते व्युत्पत्ती आणि मला सुचतं ते कानाला लागलेलं?

खडूफळा
भांडू नका. समा हा शब्द दिवाळी अंकाच्या वाचकाला कळणार नाही, तो समई समजेल. मला आजींच्या वहीतलं दुसरं काही विचारायचं आहे. तिथे माणसं वय कशानं मोजत? आपण म्हणतो, "तुझ्यापेक्षा चार पावसाळे जास्त पाहिलेत." नुसते उन्हाळे म्हणत नाही, हिवाळे म्हणत नाही.

उत्तरकाठ
बाई, हिवाळ्यांनी! जुन्या लिखाणात माणूस इतक्या हिवाळ्यांचा असं असतं. आजींच्या वहीतही एक घोडा "सात हिवाळ्यांचा" आहे. मी त्याचं "सात वर्षांचा" करून टाकलं होतं. आता परत हिवाळ्यांचा करते.

मोडीपान
वेदांतही "शतं हिमाः" येतं. शंभर हिवाळे. पावसाळे आपण इकडे आल्यावर मोजू लागलो.

शिवारातून
पावसाळा मोजला कारण तोच चुकवतो. ज्याच्यावर जगणं-मरणं, त्याच्यानं वय मोजायचं. त्यांना हिवाळा काढणं अवघड, आम्हाला मिरग हुकला की साल गेलं. ताई, तिकडं जूनमधी शेतात काय चालू असतं?

उत्तरकाठ
बटाटे लावायची वेळ. दारोदार रूबार्बचे लालसर दांडे वर येतात, त्यांचा मुरंबा करतात. मेंढ्या मे महिन्यात वितात आणि कोकरं जूनच्या सुरुवातीला बाहेर सोडतात. पण २०२४ च्या जूनच्या पहिल्या आठवड्यात इकडे उत्तरेत मोठं बर्फ पडलं. सोडलेल्या मेंढ्या, कोकरं पुन्हा गोठ्यात घ्यावी लागली, काही दगावली. आजींच्या भावाच्या शेतावर आम्ही गेलो होतो. कोकरू हातात घेतलं तर लोकर वरून ओली आणि पोटाखाली मात्र धडधडतंय, गरम. मी तेव्हा आईला फोनवर म्हणाले, "उन्हाळ्यात बर्फ पडलं." आई म्हणाली, "मग उन्हाळा कशाला म्हणतेस?" हा प्रश्न तेव्हापासून माझ्या डोक्यात आहे.

शिवारातून
मेंढरांना गोठा नसतो, वाडगं असतं. गोठा गुरांना.

उत्तरकाठ
इथे मेंढ्यांना पक्क्या छपराचं घर असतं, हिवाळाभर आत ठेवावं लागतं म्हणून. वाडगं म्हटलं तर उघडं वाटेल ना?

शिवारातून
वाटंल. मग 'मेंढरांचं घर' म्हणा, पण गोठा नको.

उत्तरकाठ
बरं, घरच करते. आता दुसरा शब्द, मदत करा. अशा अवेळी येणाऱ्या गारठ्याला इथे नावं आहेत. 'क्रीआ' हा पक्षी, म्हणजे आपल्या सुरयसारखा, थेट अंटार्क्टिकाकडून उडत येतो, मे महिन्यात इथे पोचतो. तो आल्यावर जे बर्फ पडतं ते 'क्रीउह्रेत'. 'ह्रेत' म्हणजे वसंत-उन्हाळ्यातला अवचित गारठा. मी "सुरयेचा गारठा" केलंय.

खडूफळा
सुंदर आहे. अजिबात बदलू नका. आपल्याकडे पावसाला म्हातारा, तरणा, सासूचा, सुनेचा म्हणतातच. पुनर्वसूचा तरणा, पुष्याचा म्हातारा. आणि पावशा ओरडतो "पेरते व्हा". पाखरावरून हवा ओळखणारी माणसं आहोत आपण, वाचकाला समजावून सांगावं लागणार नाही.

मांडवी
गारठा की गारवा? गारवा सुखाचा असतो.

शिवारातून
गारठाच. आमच्याकडं 'हीव' म्हणतात. "हीव भरलं" म्हणलं की दात वाजायला लागलेले. सुरयेचं हीव. बोलून बघा.

उत्तरकाठ
हीव मला फार आवडलं, पण पुण्या-मुंबईच्या वाचकाला हिवतापच आठवेल की काय. बघते.

तिसरा शब्द सगळ्यात अवघड. 'ग्लुग्गावेदुर'. ग्लुग्गी म्हणजे खिडकी, वेदुर म्हणजे हवामान. खिडकीतून बघायला छान, बाहेर गेलं की अंगावर काटा. पहिल्या वर्षी याच हवेनं मला फसवलं. ऊन बघून सुती कुर्त्यावर कपडे वाळत घालायला गेले, तर खाडीवरून उत्तरेचा वारा आला आणि चिमटे लावता लावता बोटं वळेनात. शेजारच्या आजी काचेमागून हात हलवत होत्या. नंतर त्यांनी मला हा शब्द शिकवला. मी "खिडकीतली हवा" असं भाषांतर केलं आणि मग लक्षात आलं की मराठीत याचा अर्थ बरोबर उलटा होतो! खिडकीतली हवा खायला आपण जाऊन बसतो.

मोडीपान
आपण हवा हा एकच शब्द वाऱ्यालाही आणि हवामानालाही वापरतो, त्याचा हा दंड. 'गवाक्षमान' करा. हवामान तसं गवाक्षमान. गवाक्ष मराठीत आहेच.

मांडवी
आजी वहीत गवाक्ष म्हणतील का हो? "काचेआडचं ऊन" म्हणा. सरळ आहे.

मोडीपान
तुम्ही ज्या देशाचं भाषांतर करताय, तिथले लोक नवे शब्द घडवतात आणि वापरतात. संगणकाला त्यांनी 'तोल्वा' केलं, संख्या आणि भविष्य सांगणारी बाई असे दोन जुने शब्द जोडून. टेलिफोनला 'सीमी', म्हणजे जुन्या भाषेतला धागा. परका शब्द घेतला नाही. सावरकरांनी दिनांक, महापौर दिले तेव्हा लोकांनी नाकं मुरडली आणि आज तेच शब्द रोज लिहितात. मग माझ्या गवाक्षमानालाच विरोध का?

खडूफळा
कारण धागा त्यांच्या घरातला शब्द होता. गवाक्ष तुमच्या घरात कोण म्हणतं? दिनांक अर्जावर लिहितात, पण घरी "आज तारीख काय?" असंच विचारतात. शब्द घडवायला माझा विरोध नाही. घरातल्या सामानातून घडवा.

मोडीपान
घरातलं सामान आपण विकून बसलोय, बाई. "पाणी ऊन झालं का" हे तुमच्या आजींनंतर कोण म्हणालं?

दर्यावर्दी
इथे मी बोलतो. मी राजापूरचा. आमच्या शेजारी उन्हाळे नावाचं गाव आहे, गरम पाण्याचा झरा आहे तिथे. दापोलीकडे उन्हवरे, तिथे गरम कुंडं. पालीजवळ उन्हेरे, तिथेही. 'उन्हाळं' म्हणजे गरम पाण्याचा झराच, जुन्या माणसांच्या बोलण्यात होता हा शब्द. ताई, तुमच्याकडे जमिनीतून गरम पाणी येतं ना?

उत्तरकाठ
दर्यावर्दी, वाचून मी स्वयंपाकघरात जाऊन नळ सोडला आणि पाण्याखाली हात धरून उभी राहिले. आमच्या घरातली ऊब पूर्ण त्याच पाण्याची आहे. या देशातली दहातली नऊ घरं जमिनीतल्या गरम पाण्यावर तापतात. उघड्यावरचे पोहण्याचे तलावही तसेच. बर्फ पडत असताना लोक गळ्यापर्यंत गरम पाण्यात बसून गप्पा मारतात. अशा झऱ्याला इथे 'लोयग' म्हणतात आणि आमच्या गावाला पाणी येतं त्यातल्या एका ठिकाणाचं नाव लोयगालंड आहे. म्हणजे उन्हाळ्यांचा प्रदेश. उन्हाळं, अनेकवचनी उन्हाळी.

मोडीपान
उष्णजलाचा अर्थ तिथे शाबूत राहिला म्हणायचा. दर्यावर्दी, हे मला ठाऊक नव्हतं. आभार.

शिवारातून
पण मग ताईंच्या वाक्यात काय टाकायचं? संपादक थांबलेत.

मांडवी
"उन्हाळ्याच्या पहिल्या दिवशी"च ठेवा आणि बशीची समजूत आधीच्या वाक्यात घाला.

मोडीपान
'समारंभी' असं केलं तर? समेच्या आरंभी.

खडूफळा
मोडीपान, कृपा करा. लग्नाची पत्रिका वाटेल.

दर्यावर्दी, उन्हवरे, उन्हेरे, उन्हाळे ही तिन्ही गावं कोकणातली. गणेशपुरी-वज्रेश्वरीकडच्या गरम झऱ्यांना काय म्हणतात? तिकडच्या कुणी हा शब्द घरात ऐकलाय का?

माहेरवाट
माझं माहेर तिकडचंच, वाडा गावाजवळचं. आम्ही लहानपणापासून कुंडंच म्हणतो, "कुंडावर जाऊन आलो" असं. पण माझी आत्या पाणी हाताला जास्त लागलं की म्हणायची, "आज फार उन्हावलंय." हे पाण्याला म्हणायची की दिवसाला, ते मी कधी विचारलं नाही.