मदत हवी आहे: वास्तवदर्शी रेसिंग गेममध्ये खरोखर मजा येते का? (स्टिअरिंग घेण्यापूर्वी सल्ला हवा)

सायबरचौक

नमस्कार. येथे या विषयातील जाणकार मंडळी आहेत, म्हणून हा धागा काढत आहे. ज्यांना सिम्युलेटर म्हणतात असे रेसिंग गेम खेळताना आपणांपैकी कोणाला खरोखर मजा येते का, की मजा येते असे मानून घ्यावे लागते?

'रोड रॅश' आणि 'नीड फॉर स्पीड' कॅफेत तासावर पैसे भरून खेळलेल्या पिढीतला मी आहे. त्या खेळांत ब्रेकचेही बटण असते, हे आमच्यापैकी अनेकांच्या गावीही नव्हते; वळण आले की कठड्याला घासत जायचे आणि गाडी आपोआप सरळ व्हायची. अलीकडे संगणकाला बरे ग्राफिक कार्ड बसवल्यावर भाच्याने 'असेटो कोर्सा' माझ्या गळी उतरवला. इटलीतील कुनोस सिम्युलाझिओनी या कंपनीचा हा खेळ २०१४ मधला असूनही त्याचे नाव अजून आदराने घेतले जाते, आणि त्यातील बरेच ट्रॅक लेसरने मोजून बनवलेले असल्यामुळे रस्त्यावरचे उंचवटेसुद्धा खरे आहेत, असे त्याने सांगितले.

प्रत्यक्षात काय होते ते पाहा. इटलीतील मोंझाचा ट्रॅक, फेरारी ४५८ आणि हातात गेमपॅड. लांबलचक सरळ रस्ता संपतो आणि पहिले उजवे-डावे जोडवळण येते. उशिरा ब्रेक दाबला तर गाडी वळणाकडे न पाहता सरळ निघून जाते. वेळेत दाबला तर वळण निम्मे पार पडते, आणि रेस दिली रे दिली की मागची बाजू गरकन पुढे येऊन मी आलेल्या दिशेला तोंड करून उभा राहतो. संगणकाचे चालक मला सभ्यपणे वळसा घालून जातात, किंवा घालत नाहीत.

भाच्याच्या मते सगळा दोष गेमपॅडचा असून लॉजिटेकचे जी२९ स्टिअरिंग घेतले की चित्र पालटेल. ते पेडलांसह पंचवीस-तीस हजारांच्या घरात जाते, आणि वर ते बसवायला भक्कम टेबल किंवा स्टँड हवा. खरी गाडी दारात धूळ खात असताना खोटे स्टिअरिंग कशाला, अशी घरातून विचारणा झाली आहे, आणि तिला मला अद्याप समाधानकारक उत्तर देता आलेले नाही. तेव्हा आपणच सांगा, स्टिअरिंगने मजा येते, की आहे तोच वैताग महाग होतो?

घाटरस्ता

साहेब, स्टिअरिंग तूर्त बाजूला ठेवा आणि आधी गाडी बदला. फेरारी ४५८ मध्ये इंजिन चालकाच्या पाठीशी आहे आणि साडेपाचशेहून अधिक हॉर्सपॉवर फक्त मागच्या दोन चाकांवर येते. त्याच खेळात अबार्थ ५०० आहे. ती पुढच्या चाकांवर चालते, ताकद बेताची आहे, आणि आपण अति केले तर ती बहुधा फिरत नाही, नुसती बाहेरच्या अंगाला सरकते आणि काय चुकले ते कळायला वेळ देते. ती घेऊन मोंझाऐवजी माजोनेच्या छोट्या ट्रॅकवर जा. तेथे पुढचे वळण लगेच येते, त्यामुळे शिकलेले ताजे असतानाच पुन्हा करून पाहता येते.

आता तुमची गाडी का फिरते ते सांगतो, कारण माझ्या मते मजेचे मूळ तेथेच आहे. ब्रेक दाबला की गाडीचा भार पुढच्या चाकांवर येतो; त्यांची पकड वाढते आणि मागची चाके हलकी होतात. रेस दिली की भार पुन्हा मागे जातो. टायरची एकूण पकड मर्यादित असते आणि ती वळणे, थांबणे व वेग घेणे या तिन्ही कामांत वाटून घ्यावी लागते. स्टिअरिंग पूर्ण वळलेले असताना पूर्ण रेस दिली, तर वळण्यातच पकड खर्ची पडलेल्या मागच्या टायरांकडे शिल्लक काही उरत नाही आणि ते घसरतात. म्हणून स्टिअरिंग जितके सरळ होत जाईल तितकीच रेस वाढवायची, आणि वळणात शिरताना ब्रेक एकदम न सोडता हळूहळू सोडत जायचा, म्हणजे पुढच्या चाकांवरचा भार टिकून गाडी आत वळते. जुन्या खेळांत हा हिशेब नव्हताच. येथे तो आहे, आणि एकदा तो बोटांना कळला की त्याच वळणातून गाडी सुतासारखी सरळ बाहेर पडते. हे घडते तेव्हा मी खुर्चीत एकटाच हसतो. मला विचाराल तर मजा ती हीच. पहिला नंबर आला की नाही, हे मी पुष्कळदा पाहतही नाही.

गेमपॅडचा दोष आहे, पण भाचा म्हणतो तेवढा नाही. अंगठ्याखालची काडी जेमतेम काही मिलिमीटर हलते आणि तेवढ्यात गाडीची चाके या टोकापासून त्या टोकापर्यंत वळतात. कंट्रोलरच्या सेटिंगमध्ये स्टिअरिंगचा वेग कमी करा, फिल्टर (अंगठ्याचे झटके सौम्य करणारी सोय) वाढवा, आणि वेग वाढेल तसे स्टिअरिंग सौम्य करणारी सोय चालू ठेवा. एबीएस (ब्रेक दाबल्यावर चाके जाम होऊ न देणारी सोय) व ट्रॅक्शन कंट्रोल (रेस दिल्यावर चाके जागीच फिरू न देणारी सोय) 'फॅक्टरी' वर ठेवा, म्हणजे मूळ गाडीत जे असते ते मिळते. त्यात कमीपणा मानू नये. टायर पहिल्या फेरीत थंड असतात, तेव्हा जरा दमाने घ्या.

तिसरी_गल्ली

मी विरुद्ध मत नोंदवतो. माझ्याकडे दोन वर्षे स्टिअरिंग होते आणि आता ते एका ओळखीच्या मुलाकडे सुखाने नांदत आहे. २००८ पासून चालणारा 'आयरेसिंग' हा ऑनलाइन शर्यतींचा सिम्युलेटर मी वर्गणी भरून खेळलो; त्यात अनेक गाड्या आणि ट्रॅक वेगळे विकत घ्यावे लागतात, आणि सरावात घालवलेल्या संध्याकाळनंतर प्रत्यक्ष शर्यतीत कोणीतरी पहिल्याच वळणावर मागून येऊन धडकतो. दिवसभर दुकानात हिशेब केल्यावर घरी येऊन टायरच्या पकडीचाही हिशेब करण्याची माझी तयारी नाही. 'फोर्झा होरायझन ५' मध्ये मेक्सिकोच्या माळावरून गाडी उडवतो आणि झोपतो. ज्याला हा खेळ मजा देत नाही त्याला समज कमी आहे, असा जो सूर काही जण लावतात तो मला मान्य नाही. घाटरस्ता यांच्याविषयी हे नाही.

उद्यमनगरकर

वरचे दोघेही आपापल्या जागी बरोबर आहेत. माझा अनुभव असा की, ज्याला एकच गोष्ट पुन्हा पुन्हा करून सुधारण्यात गोडी आहे, त्यालाच हे खेळ रुचतात. कोल्हापूरकराला तालमीतल्या मेहनतीचे उदाहरण द्यावे लागू नये. 'ग्रॅन टुरिस्मो' चे कर्ते काझुनोरी यामाउची यांनी १९९७ मध्येच हे ओळखले होते. एकच वळण किंवा एकदाच थांबणे एवढीच छोटी परीक्षा द्यायची आणि कांस्य, रौप्य, सुवर्ण यांपैकी काय मिळते ते पाहायचे, अशी त्यांच्या खेळातील लायसन्सची कल्पना आहे. त्याच खेळातून चालक निवडण्याची स्पर्धा निस्सान आणि सोनी यांनी २००८ मध्ये सुरू केली, आणि यान मार्डेनबरो हा २०११ चा विजेता पुढे खऱ्या शर्यतींत उतरला. फॉर्म्युला वनचा विजेता मॅक्स व्हर्स्टॅपन तर फावल्या वेळात सिम्युलेटरवरच शर्यती करतो. खरी गाडी दारात असताना खोटे स्टिअरिंग कशाला, याचे उत्तर घरी देताना हे नाव उपयोगी पडेल, असे वाटते.

स्टिअरिंगविषयी. खऱ्या गाडीत मागची बाजू सुटू लागली की पाठीला आणि बुडाला आधी कळते. घरच्या खुर्चीत ती जाणीव नसते. तिची भरपाई स्टिअरिंगमधील मोटर हाताला देते. पुढचे टायर घसरू लागले की स्टिअरिंग हलके पडते, मागचे घसरले की ते आपोआप उलट्या दिशेला ओढ घेते. गेमपॅड थरथरतो, पण ही ओढ त्याला देता येत नाही. म्हणून स्टिअरिंगने खेळ सोपा होत नाही. गाडी काय करते आहे ते लवकर कळते, एवढेच. सुरुवातीला तर माझी फेरीची वेळ गेमपॅडपेक्षा वाईट येत होती. जी२९ चा ब्रेक आतील रबरामुळे चांगलाच कडक आहे, साध्या टेबलाखाली ठेवला तर पेडले पुढे सरकतात आणि चाकांची खुर्ची तर भिंतीपर्यंत जाते. स्टँड बाहेरून मागवू नका. मी आमच्या येथेच चौकोनी पाइप वेल्डिंग करून घेतला, पेडलांच्या पाटीला तिरका आधार दिला, आणि तो तसूभर हलत नाही.

विकत घेण्यापूर्वी माझ्याकडे येऊन चालवून पाहा. शक्य झाल्यास त्याआधी आपल्याकडच्या गो-कार्टिंगच्या ट्रॅकवर दहा मिनिटे घालवा. भार पुढे-मागे जातो म्हणजे काय, ते तेथे अंगाला कळेल.

सायबरचौक

सर्वांचे आभार. अबार्थ घेऊन माजोनेला गेलो. घाटरस्ता यांनी सांगितल्याप्रमाणे सेटिंग बदलले आणि ब्रेक हळूहळू सोडण्याचा प्रयत्न केला. गाडी फिरणे जवळपास थांबले असून आता ती बाहेर सरकते, आणि का सरकते तेही समजते. जेवायला हाका आल्या तरी उठलो नाही, यावरून मला हा खेळ मानवेल असे दिसते. फेरारीला मात्र अजून हात लावलेला नाही. तिसरी_गल्ली यांचे म्हणणेही पटले आहे. थकलेल्या दिवशी मी जुना 'नीड फॉर स्पीड'च लावणार.

स्टिअरिंगचा निर्णय उद्यमनगरकर यांच्याकडे चालवून पाहिल्यावरच घेईन. रविवारी सकाळी अकरानंतर आले तर चालेल का? भाचाही सोबत असेल. स्टँडची मापे घ्यायला टेप मी आणतो. पाइप किती जाडीचा वापरला आणि वेल्डिंगवाल्याने साधारण किती घेतले, ते येथेच लिहिलेत तर इतरांनाही उपयोग होईल.