मदत हवी आहे: ९.९ एचपी एव्हिनरूड बोट इंजिनला ६ एचपी जॉन्सनची कॉइल चालेल का?

मंडळी, मी दिवाळे कोळीवाडा, बेलापूरचा. बाबांच्या होडीला १९७५ ची ९.९ एचपी एव्हिनरूड मोटर आहे, पॉइंटवाली (म्हणजे उघडझाप करणाऱ्या पॉइंटवर ठिणगी देणारी), आणि आठवडा झाला खालच्या सिलिंडरला करंटच येत नाहीये. वरच्याला मस्त निळी ठिणगी पडते. प्लग बदलला, पॉइंट घासून गॅप ०.०२० इंच केला, कंडेन्सर अदलाबदल करून बघितला, काही फरक नाही. शेवटी फ्लायव्हील काढून टॉर्च लावून नीट बघितलं तर कॉइलच्या (प्लगला ठिणगीचा करंट देणारी गुंडाळी) टाचेकडे केसाएवढी चीर गेलीये आणि आतली तांब्याची तार हिरवी पडलीये, खाऱ्या पाण्याने एवढ्या वर्षांत खाल्ली असणार.

आता ठाण्यात चेंदणीला एका ओळखीच्या काकांकडे त्याच काळातली ६ एचपी जॉन्सन मोडीत पडलीये, तीही पॉइंटवालीच. दोन्ही ब्रँड ओएमसी (आउटबोर्ड मरीन कॉर्पोरेशन) कंपनीचेच, त्यामुळे कॉइल सारखी असावी असं वाटतंय. १९७७ पासूनची सीडीआयवाली (पॉइंटऐवजी इलेक्ट्रॉनिक इग्निशनवाली) मात्र नको, तिला पॉवर पॅक नावाचा इलेक्ट्रॉनिक डबा लागतो, सगळं वेगळंच. कोणी स्वतः बसवलीये का? भोकं जुळतात का, आणि फ्लायव्हीलच्या मॅग्नेटला घासू नये म्हणून कॉइल कशी सेट करायची? बाबा रोज भरतीच्या वेळी खाडीवर जाऊन नुसते बसून येतात हो, बघवत नाही.