मान मोडण्याआधी एवढं वाचा
एका भाऊंनी लिहिलंय की कायरोप्रॅक्टरने (हाताने मणके-सांधे दाबून, फिरवून उपचार करणाऱ्याने) मान कडकन फिरवली की सरकलेलं हाड जागेवर बसते. भाऊ, तसं नसते, तो आवाज सांध्यातल्या द्रवात गॅसची पोकळी तयार होण्याचा असते, हाड सरकण्याचा नाही. १८९५ मध्ये अमेरिकेत डी. डी. पामरने ही कायरोप्रॅक्टिक पद्धत सुरू केली, तिकडे आता लायसन्स लागते, कॉलेजात शिकावं लागते. आपल्याकडे मात्र आठवड्याचा कोर्स करून, रील पाहून लोक माना मोडून राहिले, मला भीती याचीच वाटते. मानेला जोराचा झटका बसला तर मेंदूकडे जाणारी रक्तवाहिनी फाटू शकते, क्वचित होते पण पॅरालिसिसपर्यंत जाते. कंबरदुखीत फायदा नाही असं मी म्हणत नाही, डब्ल्यूएचओच्या २०२३ च्या गाइडलाइनमध्ये जुनाट कंबरदुखीसाठी व्यायामासोबत हाताने मणक्याचे उपचारही आहेत.

माझ्या मामांना उसण भरली तर आजी पायाळू (पायाकडून जन्मलेला, त्याचा पाय लागला की उसण जाते असं मानतात) माणूस शोधत होती. मामांच्या डाव्या पायाचा अंगठा बधिर झाला होता, चप्पल निसटली तरी कळे ना. नागपुरात धंतोलीत ऑर्थोपेडिककडे (हाडांच्या डॉक्टरकडे) नेलं, एमआरआय केला, नस दबलेली निघाली. तेव्हा पाय बधिर असेल, लघवीवर कंट्रोल जात असेल, ताप असेल तर आधी डॉक्टरच गाठा बाप्पा.